होणाऱ्या नवऱ्याच्या लाडक्या गेममधलं प्रेम मला पटलंच नाही, सांगू का त्याला?

पत्र थोडक्यात: वाचक २८ वर्षांची, सांगलीची, फार्मसी कॉलेजात शिकवते. नात्यातून स्थळ आलं, दोनदा भेटले, पसंती झाली, साखरपुडा झाला, मुलगा परत जर्मनीला नोकरीवर गेला, लग्न डिसेंबरात आणि तोवर सगळं व्हिडिओ कॉलवर. त्याने तिला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून 'फायनल फँटसी ८' रीमास्टर्ड गिफ्ट केला, शाळेत असताना चुलतभावाच्या प्लेस्टेशनवर खेळलेला त्याचा जीव की प्राण गेम. ती स्वतः गेमर आहे, 'विचर ३' संपवलाय, त्यामुळे 'हिला गेममधलं काय कळतंय' असला प्रकार नाही. हाही तिने पूर्ण संपवला. पत्त्यांचा खेळ आवडला, संगीत आवडलं, पण नायक स्क्वॉल आणि नायिका रिनोआचं प्रेम काही केल्या पटलं नाही. तिच्या शब्दांत, "ती सारखी त्याच्या मागे मागे, तो कायम तोंड फिरवून, आणि तिसऱ्या डिस्कला (म्हणजे गेमच्या चारपैकी तिसऱ्या भागात) एकदम तिच्यासाठी अंतराळात उडी. मधला भाग कुठे गेला?" त्याने विचारलं, रॅग्नारॉक या अंतराळयानातल्या सीनला रडलीस ना? ती म्हणाली हो. खरं तर तेव्हा शेजारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि अर्धं लक्ष त्यात होतं. आता त्याला रिसेप्शनच्या एंट्रीला त्याच गेममधलं 'आईज ऑन मी' हवंय. तिचे प्रश्न: खरं सांगू का? सांगितलं तर त्याच्या भावनांची मला किंमत नाही असं त्याला वाटेल का? आणि सगळ्यांना रडवणारी गोष्ट मला कोरडी वाटली म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का?

प्रिय सांगलीकर,

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो सगळ्यात सोपा आहे. तुझ्यात काही कमी नाही. आणि 'सगळ्यांना रडवणारी' हे तुला सांगितलं कोणी, त्यानेच ना? हा गेम १९९९ ला आला आणि तेव्हापासून या जोडीवरून दोन तट पडलेत, एक म्हणतो अशी लव्हस्टोरी दुसऱ्या कुठल्या गेमला जमली नाही, दुसरा म्हणतो कसली लव्हस्टोरी, आणि दोन्हीकडचे सारख्याच पोटतिडकीने बोलतात. तू दुसऱ्या तटात आहेस, इतकंच. तिथे गर्दी बरीच आहे.

(ज्यांना हा गेम अजून खेळायचाय त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड केलंय. आणि ज्यांना गेममध्ये काडीचा रस नाही त्यांच्यासाठी: स्क्वॉल हा सतरा वर्षांचा, पैसे घेऊन लढणाऱ्या सैनिकांच्या शाळेतला मुलगा, कोणाशी धड बोलत नाही. रिनोआ पण सतराचीच, एका बड्या जनरलची मुलगी, बापाशी भांडून एका छोट्या बंडखोर टोळीत सामील झालेली. हे दोघं भेटतात, आणि अर्थातच पुढे जगाचा नाश वगैरे टाळायचा असतो.)

आता तुझी तक्रार. ती मला बरीचशी मान्य आहे, त्यामुळे उगाच गेमची वकिली करत बसणार नाही. नाचाचा सीन घे, सुरुवातीचा, ती बोट वर करते, त्याला ओढत नेते, तो धडपडतो आणि मग मस्त नाचतो, एकही शब्द नाही आणि सगळं कळतं. तिथे वाटतं की जमणार यांचं. आणि मग? टिंबर शहरात ती त्याची क्लायंट होते, तो तिला मनातल्या मनात हिणवतो की ही हौशी पोरं बंड कसलं करणार, डेलिंग सिटीत ती एकटीच जादूगारणीच्या खोलीत घुसते, अडकते, तो सोडवतो, दुसऱ्या डिस्कला ती त्याला म्हणते मला गार्डन (म्हणजे त्याची ती शाळा) फिरवून दाखव, मग कॉन्सर्ट, मग युद्धात ती कड्याला लोंबकळते आणि तो आधी कर्तव्य की रिनोआ असं घुटमळून शेवटी जातोच. हे सगळं ठीक आहे पण यातलं जवळपास प्रत्येक पाऊल तिने टाकलेलं आहे. आणि जेव्हा पहिल्यांदा तो स्वतःहून तिच्याकडे वळतो तेव्हा ती बेशुद्ध असते!

हीच या गेमची खरी गोची आहे असं मला वाटतं. दुसरी डिस्क संपताना रिनोआ कोसळते, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला हा तिच्या खाटेशी बसलेला, पुढे तिला पाठीवर घेऊन फिशरमन्स होरायझनपासून एस्थारपर्यंत समुद्रावरच्या त्या न संपणाऱ्या रेल्वेपुलावरून चालत निघतो आणि वाटेत तिच्याशी बोलत राहतो. जे शुद्धीवरच्या मुलीला कधी बोलला नाही ते बेशुद्ध मुलीला सांगतो. ती ऐकत नाही, उलट उत्तर देत नाही, नाही म्हणू शकत नाही. तू 'मधला भाग गायब' म्हणतेस, मी म्हणेन मधला भाग आहे पण त्यात ती नाहीये.

आणि इथूनच मला तुझं एक गृहीत जरा हलवून बघायचंय. तू ही दोन माणसांची गोष्ट समजून खेळलीस. गेमने तसं सांगितलंच आहे म्हणा, खोक्यावरच्या लोगोतच दोघं मिठीत आहेत, गाणं आहे, सगळी जाहिरात त्यावर. पण आतला गेम जवळजवळ पूर्ण वेळ एकाच्या डोक्यात बसलेला आहे. स्क्वॉल तोंडाने एक वाक्य बोलतो आणि मनात सहा, ती सहाही आपल्याला वाचायला मिळतात. रिनोआच्या मनात आपण अगदी थोडा वेळ जातो, ती अंतराळात एकटी तरंगत असते तेव्हा, ऑक्सिजन संपत आलेला आणि डोळ्यांसमोर गळ्यातल्या साखळीतली अंगठी. (तो सीन मला गाण्याच्या सीनपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.) त्यामुळे 'हे दोघं प्रेमात कसे पडले' याचं उत्तर गेमकडे मागितलं की तो चाचपडतो, पण 'हा मुलगा आपल्या कोशातून बाहेर कसा आला' हे विचारलं की बऱ्यापैकी उत्तर देतो. अनाथाश्रमात लहानपणी एलोनताई निघून गेली, तेव्हापासून याने ठरवलंय की कोणावर विसंबायचंच नाही, म्हणजे कोणी गेलं तरी फरक पडणार नाही. शाळेतल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, सायफरला, मृत्युदंड दिला अशी बातमी येते तेव्हा सगळे त्याच्याबद्दल 'तो असा होता, तसा होता' बोलायला लागतात आणि स्क्वॉल एकदम भडकतो, माझ्याबद्दल असं भूतकाळात बोललेलं मला चालणार नाही म्हणून खोलीबाहेर पळत सुटतो. तिथे रिनोआबद्दल एक अक्षर नाही आणि तरी पुढे तो जे काही करतो त्याची मुळं मला तिथेच दिसतात.

आता रागावू नकोस पण विचारते, तू तीनपट स्पीडने खेळलीस ना? पत्रात एका ठिकाणी लिहिलंयस, 'स्पीड वाढवायची सोय होती म्हणून संपला, नाहीतर जमलं नसतं'. सोय आहे आणि ती वापरण्यात काही गैर नाही, साधारण चाळीस तासांचा गेम, तुझी नोकरी, लग्नाची खरेदी, कोण संथपणे खेळणार. पण व्हिडिओ सीन सोडले तर बाकी सगळी पात्रं त्यात टणाटण उड्या मारत चालतात, आणि या गेममध्ये आवाज नाहीत, फक्त मजकुराच्या चौकटी आहेत, सगळा अभिनय म्हणजे मान खाली घालणं, दोन पावलं मागे सरकणं आणि मध्ये थोडं थांबणं. ते थांबणंच उडालं की उरलं काय? तेव्हा काही सीन खरंच तू पाहिलेले नाहीत असं समज. फिशरमन्स होरायझनची कॉन्सर्ट आठवते? सेल्फी-अर्व्हाइन ही स्क्वॉलची सोबती मंडळी वाद्यं जमवतात, तू कोणती चार निवडतेस त्यावर सूर जुळतो किंवा सगळा गोंधळ होतो, आणि त्या रात्री स्क्वॉल-रिनोआमध्ये जे बोलणं होतं त्याचा रंगही थोडा त्याच्यावर ठरतो. म्हणजे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने पाहिलेला सीन आणि तुझा सीन कदाचित वेगळा असेल. हे त्याच्याशी बोलायला किती छान निमित्त आहे बघ.

तरीही सगळं स्पीडवर ढकलू नये. सावकाश खेळूनही न पटलेले लोक भरपूर आहेत आणि त्याला एक कारण मला दिसतं. आधीच्या गेममध्ये, १९९७ च्या सातव्यात, तू कोणाशी कसं बोलतेस याचा गुपचूप हिशोब ठेवला जायचा आणि त्यावर गोल्ड सॉसर या मनोरंजन पार्कात तुझ्यासोबत फिरायला कोण येणार ते ठरायचं, एरिथ, टिफा, युफी, अगदी बॅरेटसुद्धा. आठव्यात तसलं काही नाही. इथे जोडी आधीच ठरलेली आहे आणि तुला ती निभावायची आहे. तू खेळतेस स्क्वॉल म्हणून, पण तुला रिनोआ आवडते की नाही हे कोणी विचारत नाही. काही लोकांना तिची आपोआप माया लागते, त्यांचं काम झालं. ज्यांना ती पहिल्या भेटीत आगाऊ वाटली (मला वाटली होती) त्यांनी करायचं काय? गेमकडे त्यांच्यासाठी दुसरा काही प्लॅन नाही.

तू लिहिलंयस की 'विचर ३' मध्ये गेराल्ट आणि येनेफर लगेच पटले, मग हे का नाही. चांगला प्रश्न आहे, पण तिथे गेमला अवघड काम करावंच लागलं नाही. ती दोघं गेम सुरू होण्याआधीच कित्येक वर्षांची जोडी आहेत, त्यांचा इतिहास आधीच्या पोलिश पुस्तकांत घडून गेलाय, आपल्यापुढे येतात तेव्हा भांडण, टोमणे, जुनी बिलं चुकती करणं चालू आहे. प्रेमात असलेली माणसं दाखवणं त्या मानाने सोपं, प्रेमात पडताना दाखवणं महाकठीण. उलट त्या गेमने एक फार हुशार गोष्ट केली, त्या जिनच्या मोहिमेत येनेफर स्वतःच म्हणते की आपलं प्रेम गेराल्टने पूर्वी जिनकडे मागितलेल्या इच्छेच्या जादूमुळे आहे का ते एकदा तपासून बघू, जादू काढून टाकू आणि मग काय उरतं ते पाहू. खेळणाऱ्याच्या मनातली शंका पात्रानेच उचलली. स्क्वॉल-रिनोआला अशी संधी कोणी दिली नाही. म्हणजे दिली, पण अगदी शेवटी आणि ओझरती. शेवटच्या व्हिडिओत स्क्वॉल काळात हरवतो, त्या रखरखीत उजाड जागी तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतो आणि चेहरा येतच नाही, नाचाची आठवण फाटते, विस्कटते. मला तो भाग नेहमी प्रामाणिक वाटलाय. या पोराला ही मुलगी नीट ठाऊकच नाहीये हे गेमलाही माहीत असावं.

आणि तू विचारलेली ती थिअरी, की स्क्वॉल पहिल्या डिस्कच्या शेवटी बर्फाचा भाला लागून मेला आणि पुढचं सगळं त्याचं स्वप्न आहे. नाही. दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी मुलाखतीत ते साफ नाकारलंय. पण ती थिअरी एवढी चालली का, याचा विचार कर. पुढचं प्रेम लोकांना इतकं अचानक वाटलं की 'हे स्वप्नच असणार' हे त्यांना जास्त पटलं. तुझ्यासारखेच होते ते, फक्त जरा जास्त क्रिएटिव्ह.

बरं, आता गेम बाजूला.

तुझं दुसरं गृहीत असं दिसतंय की त्याला ही जोडी आवडते, मला ती आवडली नाही, म्हणजे मी त्याच्या प्रेमाच्या कल्पनेलाच नाही म्हटलं. इथे मला तू जरा घाई करतेयस असं वाटतं. त्याला त्यात नेमकं काय आवडतं हे तू विचारलंयस का? पत्रात कुठे दिसलं नाही. तो विचारतो 'कुठपर्यंत आलीस', 'रडलीस का', तू उत्तर देतेस, पण उलटा प्रश्न एकही नाही. शाळकरी वयात, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या मशीनवर बसून त्या मुलाने हा गेम खेळला. त्या वयाच्या मुलाला रिनोआ हवी होती का, की आपल्यासारखाच कोणीतरी, ज्याच्या मनात खूप चाललेलं असतं आणि तोंडातून फक्त 'हं' निघतं, तो हिरो असू शकतो याचं अप्रूप होतं? मला दुसऱ्याची शक्यता बरीच वाटते. पण मी सांगलीतही नाही आणि जर्मनीतही नाही, तूच विचार. आवडता गेम देणारी माणसं बहुतेक वेळा गेम देतच नसतात, मी अमुक वयात असा होतो एवढं सांगत असतात, आणि ते सरळ सांगायला त्यांना जमत नाही म्हणून मध्ये चाळीस तासांचा गेम.

म्हणून निकाल सांगायला जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. 'तुला तो पुलावरचा सीन पहिल्यांदा पाहताना काय वाटलं होतं?' 'तेव्हा तू कितवीत होतास?' 'स्क्वॉल आवडायचा की तू स्वतःला स्क्वॉल समजायचास?' शेवटच्यावर तो लाजेल बहुतेक, लाजू दे.

आणि रडण्याचं खोटं? ते काढून टाक, लवकर. ते मोठं पाप आहे म्हणून नाही, तर ते वाढत जातं म्हणून. आज 'रडले' म्हणालीस, उद्या तो चार मित्रांत सांगेल की माझी बायको पण रडली, मग लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तुला त्या सीनचं पोस्टर मिळेल आणि तुला हॉलमध्ये लावावं लागेल. कॉलवरच सांग, व्हॉट्सअॅपवर नको, लिहिलेलं वाक्य माणूस दहादा वाचतो आणि प्रत्येक वेळी त्यात नवा टोमणा शोधतो. असं काहीतरी म्हण: "अरे ऐक ना, त्या दिवशी मी रडले म्हणाले ते खोटं होतं, तू इतक्या आशेने विचारलंस की नाही म्हणवेना. मला त्यांचं जमलेलं दिसलंच नाही, पण तुला काय दिसलं ते मला ऐकायचंय." एवढंच. यादी नको. 'पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा' असं शिक्षिकेसारखं अजिबात नको, तुझा पेशा आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि तो चिडला, गप्प झाला तर लगेच 'नाही नाही, तसं चांगलं आहे' म्हणून माघार घेऊ नकोस. थोडा वेळ वाईट वाटू दे त्याला. आपल्या आवडीच्या गोष्टीला कोणी नाक मुरडलं की वाईट वाटतंच, त्यात लगेच लग्न मोडत नाही. एका गेमवरून मोडत असेल तर... बरं, ते जाऊ दे.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. तुझ्या पत्रात, मधेच, गेमशी संबंध नसलेलं एक वाक्य आहे: 'साखरपुड्यानंतर आम्ही प्रेमात पडलोय असं सगळे धरूनच चाललेत, तोही.' आणि दोन ओळींनंतर परत स्क्वॉल. मी इथे मानसशास्त्र झाडणार नाही, गेममधलं प्रेम कच्चं वाटणं म्हणजे बहुतेक वेळा गेममधलं प्रेम कच्चं असणं एवढंच असतं, त्याच्यामागे भुतं शोधायची नसतात. पण जोडी खोक्यावर आधीच छापलेली आहे आणि मधला भाग कोणी दाखवत नाहीये, ही तक्रार फक्त रिनोआपुरती आहे ना? असेल तर हा परिच्छेद सोडून दे. नसेल तरी घाबरायचं काही नाही. दोन भेटी, एक साखरपुडा आणि रोजचा तासभर कॉल, यातून अजून प्रेम झालं नसेल तर त्यात आश्चर्य काय? ठरवून केलेल्या लग्नात तो मधला भाग पुष्कळांचा लग्नानंतर होतो, काहींचा आधी होतो, काहींचा होतच नाही, आणि तुमचं कुठपर्यंत आलंय हे तुम्ही दोघांनीच एकमेकांना विचारायचं असतं. तू त्याला एवढं म्हणू शकतेस, "मला तू आवडतोस, पण प्रेमात पडले असं म्हणायला मला अजून वेळ हवाय, आणि मला घाई करायची नाहीये." हे वाक्य वाचूनच पोटात गोळा आला असेल तर गेमच्या आधी हे बोल. आणि 'आवडतोस' हेसुद्धा खरं वाटत नसेल तर डिसेंबराआधी आईशी, नाहीतर तुझ्या जवळच्या कोणाशी तरी बोल, हॉल बुक झालाय याला काही महत्त्व नाही.

आता त्या गाण्याचं. मला यात खरंच मजा वाटली. 'आईज ऑन मी' फेय वाँगने गायलंय, चाल नोबुओ उएमात्सूची, त्या काळी जपानमध्ये प्रचंड गाजलेलं, ऐकायला गोडच आहे. पण गेममध्ये ते गाणं कोणाचं आहे हे त्याच्या लक्षात आहे ना? रिनोआची आई ज्युलिया. ती हॉटेलात पियानो वाजवायची, लगुना नावाचा एक बावळट सैनिक रोज येऊन तिला नुसता बघायचा, एका रात्री दोघं पहिल्यांदा नीट बोलले, आणि लगेच तो मोहिमेवर गेला आणि परत आलाच नाही. गाणं तिने त्याच्यावर लिहिलं. लग्न केलं जनरल कॅरवेशी. लगुना पुढे रेनच्या गावात राहिला आणि तिच्याशी लग्न केलं. म्हणजे एका बाईने परत न आलेल्या माणसासाठी लिहिलेलं गाणं वाजवत तुम्ही स्टेजवर येणार! आत्याबाईंना कळणार नाही, त्याच्या गेमर मित्रांना मात्र कळेल. तरी वाजवा की. त्याला इतकं हवंय तर त्याचं एक गाणं त्याला दे, एंट्रीला तीन-चार मिनिटं जातात, तू त्या वेळी शालू सांभाळत असशील, गाण्याकडे लक्ष कुठे जाणार. फक्त बदल्यात एक गाणं तुझं, जे तुला खरंच आवडतं, आणि ते का आवडतं हे त्यानेही ऐकून घ्यायचं. गाणं अजिबातच नको असेल तर सरळ 'नको' म्हण, गोष्टीतल्या ज्युलियाचं कारण पुढे करू नकोस, त्यावर तो अर्धा तास वाद घालेल आणि जिंकेल.

अशाच अडचणीची पत्रं मला अधूनमधून येतात, कोणाचा भाऊ, कोणाची रूममेट, कोणाचा बॉस (होय, बॉस) आपला लाडका गेम किंवा सिरीज गळ्यात मारतो आणि मग चेहऱ्याकडे बघत बसतो. तुम्हा सगळ्यांना एकच म्हणते, संपवायच्या आधी मध्येच बोला. पहिल्या डिस्कनंतर 'मला अजून हे दोघं लागत नाहीयेत' म्हटलं तर समोरचा उत्साहाने सांगतो, थांब पुढे बघ, किंवा इथे हळू खेळ, किंवा हो रे, मलाही रिनोआ उशिरा आवडली. सगळं संपल्यावर तोच शेरा निकाल वाटतो. आणि देणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका, 'रडलास का' हा प्रश्न नाहीये, ती परीक्षा आहे. 'कुठला सीन लक्षात राहिला' विचारा, मिळालं तर काहीतरी खरं मिळेल. पत्त्यांचा खेळ लक्षात राहिला असं कोणी म्हणालं तर तेही चालवून घ्या, ट्रिपल ट्रायड आहेच तसा.

सांगलीकर, तुला अजून एक सुचवते. तुम्ही दोघं एकाच गेमबद्दल बोलताय खरं पण तो वीसेक वर्षांपूर्वी खेळला आणि तू आत्ता, वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये काही हजार किलोमीटर. तुझा पूल आणि त्याचा पूल एकत्र पाहिलेलाच नाही कोणी. त्याला सांग, एका रविवारी तू स्क्रीन शेअर कर, तो पुलाचा आणि अंतराळाचा भाग साध्या स्पीडने तू खेळ, मी बघते, आणि तुला जिथे वाटेल तिथे थांबून बोल. पटेल असं नाही. न पटू दे. पण निदान तो कुठे थांबतो ते तुला दिसेल.

आणि पुढचा गेम तू निवड. दोघांनी मिळून खेळायचा असला तर 'इट टेक्स टू' बघा, एकाने विकत घेतला तरी दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतो, एकट्याने खेळताच येत नाही. गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवरा-बायकोची आहे, लग्नाआधी खेळायची की नंतर ते तुमचं तुम्ही बघा, आणि त्यांचं जुळणं पटलं नाही तर या वेळी दुसऱ्या लेव्हललाच सांगून टाक.